एक लाइन चालू आहे

रविवारच्या दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना, जुनं टेलिफोन एक्स्चेंज कापून बंद करायचं काम मिस्त्रींकडे आलं. सगळ्यांत जुना माणूस म्हणून हा मान त्यांचा, आणि मान म्हणजे काय, तर हातात केबल कापायची मोठी कातर. शेजारच्या खोलीत नवं एक्स्चेंज कपाटांत गप्प बसलं होतं. जुन्याला गप्प बसणं कधी जमलंच नाही. कुणी नंबर फिरवला की स्विच खटखट करत वर चढायचे, फोन ठेवला की धाडकन खाली यायचे.

आता सगळे खाली होते. एका लाइनीचे सोडून.

"एक लाइन चालू आहे, बाई," मिस्त्री म्हणाले.

इंजिनीअरबाईंनी घड्याळ पाहिलं. "ऐकून बघा. दवाखाना-बिवाखाना असेल तर थांबू. गप्पा असतील तर कापा."

मिस्त्रींनी तपासणीचा फोन लाइनला लावला. त्यांची बायको बोलत होती!

"फोन बंद पडायच्या आत सांगा, जाऊबाई. मोठ्या भाऊजींच्या डोळ्यांची पट्टी निघाली का?"

"काल निघाली. दिसतंय. पण ऑपरेशन झाल्यापासून एकच धोशा, धाकट्याला कुणी कळवलंच नसेल."

"कशी कळवू? यांच्यापुढे नाव काढायची सोय नाही."

मिस्त्रींनी फोन काढून घेतला. थोरल्या भावाशी अबोला होता तो वडील गेल्यापासून. त्यांच्या आजारपणात कुणी जास्त केलं, एवढ्यावरून. 'त्या घराशी संबंध संपला' असं त्यांनी घरात ठणकावून सांगितलं होतं, आणि बायकोने मान डोलावली होती. तिची मान कशी डोलते ते आज कळलं. राग यायला हवा होता, पण आला नाही. दादाचे डोळे गेले असते तरी आपल्याला पत्ता लागला नसता.

"कापायची ना?"

"थांबा जरा. महत्त्वाचा फोन आहे."

"दवाखाना?"

"डोळ्यांचं ऑपरेशन आहे," मिस्त्री म्हणाले. खोटं काय होतं त्यात?

थोरल्याने घर बदललं होतं, नवा नंबर मिस्त्रींकडे नव्हता. पण स्विच कुठे कुठे थांबलेत यावरून नंबर वाचता येतो, तेवढं त्यांनी उरकून घेतलं. थोड्या वेळाने स्विच धाडकन खाली आले. मिस्त्रींनी कातर चालवली. शेजारच्या खोलीतल्यांनी दोरी ओढली, नव्या एक्स्चेंजच्या लाइनी अडवून धरणाऱ्या पाचरी निघाल्या आणि गावाचे फोन तिकडे गेले. जुनी खोली एकदम सुनी झाली.

पहिला फोन कापणाऱ्यानेच करायचा, असा रिवाज. "कुठेही लावा," बाई म्हणाल्या, "आवाज येतो का तेवढं विचारा."

मिस्त्रींनी मघाशी वाचलेला नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. "काय गं, आता काय राहिलं?"

"वहिनी, मी आहे."

पलीकडे रिसीव्हर टेबलावर आपटला. मग "अहो, इकडे या आधी!" अशी हाक आणि पाय घासत येणारी चाल.

"कोण?"

मिस्त्रींनी मनात बरंच जुळवून ठेवलं होतं. तोंडातून मात्र पाठ असलेलंच बाहेर पडलं. "नव्या एक्स्चेंजमधून बोलतोय. आवाज येतोय का?"

मिस्त्रींनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"लाइन लागली नाही का?" बाईंनी विचारलं.

"येतोय," थोरला म्हणाला. "ठेवू नकोस. बोल."

मिस्त्रींनी बाईंना मानेनेच लागल्याचं सांगितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"दादा," ते म्हणाले, "नीट दिसतंय ना रे?"