बारा मेहुणे

"आज मी दोर धरणार नाही, दाजी. आणि मी धरला नाही तर तुम्ही उतरणार नाही. विषय संपला!" असं म्हणून मेहुण्यानं दोराचं वेटोळं अंगणात आपटलं. सकाळचे आठ वाजले होते. भांडण अर्ध्या गावाला ऐकू गेलं. उरलेल्या अर्ध्या गावाला मी सांगितलं.

दाजी म्हणजे घोरपड. कड्याला चिकटला की सुटत नाही, म्हणून सगळे त्याला तेच म्हणतात. आग्यामोहोळाचा मध काढणं हा त्याच्या बापजाद्यांचा धंदा. कड्याच्या माथ्यावरून दोरानं खाली लोंबकळायचं, एका हातात धुराचा पेटता बोळा, दुसऱ्यात लांब काठीला बांधलेला विळा. आणि माथ्यावर दोर धरायचा तो बायकोच्या भावानं. दुसऱ्या कुणी नाही. सख्खा भाऊ चालत नाही, कारण त्याच्याशी वाटण्या झालेल्या असतात. मित्र चालत नाही, त्याला शिंक येऊ शकते. बायकोचा भाऊ मात्र स्वतःच्या बहिणीला विधवा करत नाही. आमच्या पूर्वजांना माणसाची पारख होती. ज्याचं नुकसान होणार, त्याच्यावरच त्यांनी भरवसा ठेवला.

"झालंय काय पण?" घोरपडीनं विचारलं.

"माश्या आज ओढ्यावर उतरल्या नाहीत. पहाटेपासून बसलोय तिथे. एक माशी पाण्याला आली नाही."

"उन्हं चढली की येतील."

"रुसलेली माशी आणि रुसलेली बायको, दाजी, उन्हं बघून येत नाहीत."

एवढं बोलून तो घरी गेला आणि ओट्यावर नव्या दोरासाठी वाख वळत बसला. अगदी निर्धास्त. त्याच्या घराण्यात 'नाही' हा शब्द दोनदा उच्चारावा लागल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मेहुणा नाही म्हणाला की कडा बंद, हा आमचा कायदा. त्यानं दाराला कडी घातली होती. भिंत पाडून ठेवलीय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

भिंत पाडणारे म्हणजे तंबूवाले साहेब. गेल्या थंडीत त्यांनी कड्याखाली तीस तंबू ठोकले आणि 'आदिम अनुभव' असा फलक लावला. शहरातली कुटुंबं शनिवारी येतात, रविवारी जातात आणि मधल्या वेळात आम्हाला अनुभवतात. आमच्या बायका झाडू बांधताना पाहून एका पाहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिच्या घरी झाडू कोण मारतं ते विचारायचं राहिलं. रविवारी अकराला मध. मोहोळ भरलं असो वा नसो, माशी हसत असो वा रडत असो, अकरा म्हणजे अकरा.

आणि डांबरी रस्त्याच्या वळणावर घोरपडीचा फोटो, माणसापेक्षा मोठा. पन्नास वर्षं त्याच्या कुत्र्यानंही त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. आता तो आठवड्यातून दोनदा काहीतरी निमित्त काढून त्या वळणावरून जायचा.

मेहुणा येणार नाही हे कळल्यावर साहेब हसले. "नाही येत? मग आपण मेहुणे तयार करू की!" पोत्यांच्या शर्यतीसाठी आणलेल्या पिवळ्या फिती त्यांच्याकडे होत्या. त्यांनी बारा फितींवर जाड पेनानं 'मेहुणा' असं लिहिलं आणि बारा पाहुण्यांच्या दंडाला बांधल्या. टाळ्या पडल्या. एक मेहुणा तर मेहुणी होती.

घोरपडीची बायको पुढे आली. "साहेब, यांच्यातल्या कुणाची मी बहीण?"

"सगळ्यांचीच, ताई!" साहेब म्हणाले.

ती नवऱ्याकडे वळली. "अहो, नका जाऊ. दादा उगाच नाही म्हणत नाही."

"लोक लांबून आलेत गं."

"ते लांब परत जातील. तुम्ही कुठे जाल?"

पण घोरपडीनं दोर कमरेला बांधला होता. कुणीतरी त्याचा फोटो काढत होतं आणि तो पोट आत घेऊन उभा होता. ती तिथून जी धावत सुटली ती भावाच्या ओट्यावर थांबली.

"दादा, उतरले ते!"

"माझ्याशिवाय? कुणाच्या हातावर?"

"बारा जणांच्या."

"कोण बारा जण?"

"मला काय ठाऊक? एकाच्या हातात कॉफीचा कप आहे!"

माथ्यावर मीही होतो. साहेबांनी मला 'गावचे जाणते वृद्ध' म्हणून दगडावर बसवलं होतं. काम हलकं होतं, नुसतं दिसत राहायचं. दोर एका खुंटाला अर्धा वेढा देऊन बारा हातांत गेला होता. वारा पडलेला. पान हलत नव्हतं. कडेला वाकून मी खाली पाहिलं. पोळ्यावरून लाट जात होती, जनावराची कातडी थरथरते तशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पुन्हा. पुन्हा. पण आवाज नाही. उभ्या जन्मात मी मुकं मोहोळ पाहिलं नव्हतं. जाणत्या वृद्धानं तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण मला फक्त दिसत राहायला सांगितलं होतं.

तेवढ्यात एका मेहुण्यानं उडता कॅमेरा सोडला. तो घूं घूं करत पोळ्यासमोर जाऊन थांबला. मोहोळानं क्षणभर ऐकून घेतलं आणि मग उत्तर दिलं.

कड्याखालून काळा पडदा वर आला. आधी कप पडला, मग किंकाळी, मग दोर सुटला. अकरा मेहुणे न बोलता पळाले. बाराव्यानं दोर सोडताना "सॉरी" म्हटलं. शहरात संस्कार असतात. खुंटाभोवती दोर सुळसुळत खाली चालला आणि त्यातून धूर निघाला. मी काय केलं? जाणत्या वृद्धाला पळता येतं हे मला त्या दिवशी कळलं. पन्नास पावलांवरच्या कपारीतून मी पुढचं पाहिलं.

मेहुणा चढण चढून आला तो धापा टाकत, आणि सरळ दोराच्या शेपटावर आडवा पडला. दोर थांबला. खाली काहीतरी आपटल्याचा आवाज आला. घोरपडीचा पाय होता तो. मेहुण्यानं दोर मनगटांना गुंडाळला, टाचा दगडात रुतवल्या आणि ओढायला लागला. माश्यांनी त्याचं डोकं झाकलं, मग तोंड, मग हात. पुसायला हात लागतो, आणि हात रिकामा नव्हता. बहीण मागून आली, तिनं त्याच्या डोक्यावर गोणपाट टाकलं आणि त्याच्या पाठीमागे दोर धरला. बराच वेळ लागला. घोरपड वर आला तेव्हा तो शुद्धीत होता, हे त्याचं दुर्दैव.

चार दिवसांनी तंबूवाले साहेब फळांची पिशवी घेऊन आले. एका खाटेवर घोरपड, पाय फळकुटांत बांधलेला. दुसऱ्या खाटेवर मेहुणा, तोंड भोपळ्याएवढं, डोळे मिटलेले. एक उघडेल असं डॉक्टर म्हणाला होता. दुसऱ्याबद्दल तो काही म्हणाला नव्हता.

"सगळ्यांनी फार छान लिहिलंय," साहेब म्हणाले. "इतका अस्सल अनुभव कुठेच मिळाला नाही म्हणे. पुढचा महिना पूर्ण भरलाय. फक्त सगळे विचारतात, खरा मेहुणा कधी भेटेल?"

"हा घ्या, भेटला," बहीण म्हणाली. "डोळे नाहीत, बाकी सगळा आहे. आणि दोर विचाराल तर तो मी काल चुलीत घातला. आता कसला मध नि कसला कडा!"

मेहुण्यानं सुजल्या ओठांतून हुंकार दिला. मला तो हसल्यासारखा वाटला.

"असू दे हो, ताई," साहेब शांतपणे म्हणाले. "तो जुनाच झाला होता. मी नवीन मागवलाय, नायलॉनचा, नारिंगी रंगाचा. उन्हात असा उठून दिसतो!"

बहिणीनं पिशवी उचलून दाराबाहेर ठेवली. तेवढ्यात पलीकडची खाट करकरली. घोरपड कोपरावर उठून बसायला बघत होता.

"नारिंगी म्हणालात?" त्यानं विचारलं.