शंभरचा बल्ब आणि कलाबाईंची पिल्लं

मी एक जुना, शंभर वॅटचा बल्ब आहे. किती जुना ते विचारू नका. माझ्या बरोबरीचे सगळे केव्हाच उडाले, फुटले, भंगारात गेले. मी अजून आहे याचं श्रेय वडनेर भोलजी या आमच्या गावच्या विजेला. संध्याकाळी मळ्यांतल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडचं व्होल्टेज असं उतरतं की मी नुसता लालसर होऊन बसतो. भारनियमन असलं की तेवढीही मेहनत नाही. एवढा आराम मिळाल्यावर कोणीही जास्तच जगेल ना, मित्रांनो?

काचेच्या पोटात केसाएवढी तार बसवून कारखान्यात मला तयार केलं, पुठ्ठ्याची खोळ चढवली आणि नांदुऱ्याच्या एका दुकानात आणून ठेवलं. दुकानदाराने मला लावून दाखवलं तेव्हा समोरच्या गिऱ्हाइकाने डोळे मिचकावले आणि म्हणाला, "हाव, हाच द्या." ते गिऱ्हाईक म्हणजे इंद्रभानभाऊ. त्यांनी मला धोतराच्या सोग्यात गुंडाळून बसमधून मांडीवर बसवून आणलं. असा मान पुढे फार थोड्यांनी दिला.

मधल्या खोलीत मी लागलो. माझ्याखाली बसून त्यांच्या प्रसेनजितने अभ्यास केला, कलाबाईंनी तूर निवडली, भीमजयंतीला तर मला खास अंगणात टांगलं. पावसाळ्यात गावातले सगळे किडे माझ्या दर्शनाला यायचे. कलाबाई अधूनमधून बटण बंद करून, मी गार झालो की पदराने मला पुसायच्या. मला वाटायचं, या घरात माझ्यावाचून पान हलत नाही.

मग प्रसेनजितचं लग्न झालं आणि समता सून म्हणून आली. ती नांदुऱ्याच्या एका शाळेत शिकवते. घरात आल्यावर तिने आधी माणसं पाहिली, मग छताकडे पाहिलं, आणि तिची नजर माझ्यावरच येऊन थांबली.

"बाबा, हा एकटा जेवढी वीज खाते ना, तेवढ्यात साऱ्या घरात एलईडी लागतील."

"लागू दे," इंद्रभानभाऊ म्हणाले. "त्या पांढऱ्या उजेडात माणूस बिमार दिसते. आपल्याले नाई पाह्यजे."

तरी समताने एक एलईडी आणून लावलाच. इंद्रभानभाऊ रुसून ओट्यावर जाऊन बसले. पण पेपर वाचल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. शेवटी आत आले, पेपर उघडला आणि थबकले. एवढ्या बारीक अक्षरातल्या जाहिराती त्यांना चष्म्यातून पहिल्यांदाच दिसल्या. थोड्या वेळाने वीज गेली. माझ्या वेळी इन्व्हर्टर लगेच धापा टाकायचा. हा नवा मात्र त्याच्यावर जेवणं उरकून भांडी घासून होईपर्यंत जळत राहिला.

खोटं कशाला बोलू? मला हेवा वाटला, पण दोष काढायला जागा मिळेना. पुढे बाजारातून स्वस्तातला म्हणून आणलेला एक एलईडी डोळे मिचकावत महिन्याभरात मेला, तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले. असल्या मेलेल्यांना उकिरड्यावरही टाकता येत नाही, वेगळे जमा करावे लागतात, हेही समतानेच सांगितलं. पण चांगल्यातला आणला तर माझ्यासारखे कितीतरी जण उडाले तरी तो टिकतो, हे मला मान्य करावं लागलं.

इंद्रभानभाऊंना एखादी गोष्ट पटायला वेळ लागतो, पण एकदा पटली की त्यांना आवरायचं कोणी? त्यांनी गोठ्यात एलईडी लावला, न्हाणीत लावला, बुद्धविहारातले बदलायला लावले. शेजारच्या किसनरावांच्या दारात उभं राहून तर त्यांनी भाषणच दिलं. "अजून जुनाच गोळा लावता काऊन? काही जमाना पाहा ना!" हेच ते, काही महिन्यांपूर्वी ओट्यावर रुसून बसलेले. मी तोवर खिळ्यांच्या डब्यात जाऊन पडलो होतो आणि ते भाषण मला तिथूनही ऐकू येत होतं.

डब्यातून मला काढलं कलाबाईंनी, ऐन थंडीत. जन्मभर त्यांनी घरच्या वावरात आणि दुसऱ्यांच्या वावरात राबणं केलं, पण माझं म्हणावं असं त्यांचं काही नव्हतं. यंदा बचतगटाच्या ओळखीने त्यांनी गावरान कोंबडीची पिल्लं आणली होती. यंत्रात उबवलेली, डोळे उघडल्यापासून आई न पाहिलेली. मोठ्या खोक्यात भुसा पसरून त्यांनी मला वर टांगलं आणि समताला म्हणाल्या, "ह्या माह्या कोंबड्या हायेत. अंडी मी इकीन. घरात कोनाले हिशोब देनार नाई."

"नका देऊ," समता हसून म्हणाली.

पिल्लं माझ्याखाली येऊन पंख सैल सोडून झोपली. माझ्या अंगची वीज उजेडापेक्षा उष्णतेतच जास्त जाते, म्हणून तर मला काढलं होतं. आता तीच उष्णता त्या बोटभर जिवांना आईच्या पंखांसारखी लागत होती. मित्रांनो, खरं सांगतो, मला एवढा आनंद भीमजयंतीच्या मांडवातही झाला नव्हता.

आणि मग इंद्रभानभाऊंचं माझ्याकडे लक्ष गेलं. कलाबाई बचतगटाच्या बैठकीला गेल्या होत्या. भर दिवसा शंभरचा बल्ब जळतोय, हे त्यांना बघवेना. बायको खूश होईल म्हणून त्यांनी मला काढलं आणि माझ्या जागी चांगले दोन एलईडी लावले. त्यांचा हिशेब सरळ होता: एकाच्या जागी दोन, उजेड दुप्पट, म्हणजे ऊबही दुप्पट. मला हातात तोलून म्हणाले, "जाय बे, लय वीज खाल्ली तू," आणि मागच्या उकिरड्यावर भिरकावलं. मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, कचऱ्यावर पडलो, म्हणून फुटलो नाही. पण आतमध्ये बारीक टक् झालं. माझी तार तुटली होती.

दिवस मावळायच्या सुमारास कलाबाई परतल्या. दारातूनच त्यांना पिल्लांचा आवाज वेगळा वाटला. खोक्यात लखलखीत उजेड होता आणि सगळी पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून ढीग झाली होती. खालची दोन मान टाकून पडली होती.

"अवो, काय केलं तुमी?"

"डबल उजेड केला की," इंद्रभानभाऊ म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली आला.

समता धावत आली. तिने एलईडीच्या पांढऱ्या गोल काचेला हात लावला. "आई, याच्या खालच्या भुशाले काहीच ऊब नाई. माह्याही ध्यानात आलं नसतं. जुना बल्ब कुठे हाय?"

इंद्रभानभाऊंनी मागच्या दाराकडे बोट दाखवलं. कलाबाईंनी ती दोन पिल्लं पदरात घेऊन पोटाशी धरली आणि तिथेच खाली बसल्या. रडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "एक माह्यं म्हनून आनलं होतं." ते शब्द मला उकिरड्यावर ऐकू आले आणि कधी नव्हे ते मला माझी काच नकोशी झाली.

अंधारून आलं होतं. मोबाइलचा दिवा लावून सासरा आणि सून कचरा उपसू लागले. मोबाइलचा तो दिवा म्हणजे एलईडीचंच पोर. ज्याच्यावर मी जळत होतो त्याच्याच उजेडात मी सापडलो, हे मी कबूल करतो.

इंद्रभानभाऊंनी मला कानाशी धरून हलवलं. आतून किणकिण आली. समताचा चेहरा उतरला. "तार तुटली."

"थांब," ते म्हणाले आणि मला आत खोक्यापाशी घेऊन आले. जुन्या काळी बल्ब महाग वाटायचा, तेव्हा घराघरातून चालायची ती युक्ती त्यांना आठवली. त्यांनी मला उजेडासमोर धरलं आणि श्वास रोखून हळूहळू कलतं करू लागले. तुटलेलं एक टोक दुसऱ्या टोकावर अलगद जाऊन बसलं. आता मला जराही हलवून चालणार नव्हतं. म्हणून त्यांनी हात स्थिर ठेवला आणि समताने खोक्यावरचा एक एलईडी काढून त्याचा होल्डरच माझ्यापाशी आणून माझ्यावर बसवला.

"दाब बटन."

नशिबाने त्या संध्याकाळी व्होल्टेज उतरलं नव्हतं; टोकं जिथे टेकली होती तिथे एक ठिणगी उडाली, तार तिथेच चिकटली आणि मी पेटलो, पूर्वीपेक्षाही लख्ख. त्या घरात माझ्यासाठी एवढ्या मोठ्याने कोणी कधी ओरडलं नव्हतं. ढीग हळूहळू सुटला. पिल्लं भुशावर पांगली. पदरातल्या दोघांनी मान वर केली, तेव्हा कलाबाई हसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आता मले इचारल्याशिवाय कोंबडीले शिकवू नका."

"नाई शिकवत, प्रसेनजितच्या माय," इंद्रभानभाऊ कान पकडून म्हणाले.

समता दुसऱ्याच दिवशी नांदुऱ्याहून माझ्यासारखा एक राखीव बल्ब शोधून घेऊन आली. घरात बाकी सगळीकडे एलईडीच आहेत आणि असावेत. मित्रांनो, तुम्हीही घरातले बल्ब जरूर बदला. फक्त जुना काढण्याआधी त्याच्याजवळ एकदा हात नेऊन पाहा, तो उजेडाशिवाय आणखी काय देत होता ते.

काल पिल्लांना पुरती पिसं फुटली. कलाबाईंनी खोकं आडवं केलं आणि सगळी फौज कलकलाट करत अंगणात उन्हात धावली. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. याआधी मला दोनदा काढलं होतं, नको झालो म्हणून. काल कलाबाईंनी बटण बंद केलं, मी गार होईपर्यंत शेजारी बसून राहिल्या आणि मग मला पुसत म्हणाल्या, "झालं बापा, पोट्टे मोठे झाले आपले."

आपले म्हणाल्या.