लोखंडाचा रकाना

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. गूळ-मिरच्या जोखणारा नव्हे हं! माझ्या हुकाला जाड कापडाची झोळी असे आणि त्या झोळीत आजवर फक्त बाळं निजली. निजली, रडली आणि बरेचदा मला ओलं करून गेली. मी कधी तक्रार केली नाही.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. पितळी तबकडी, पोटात एक स्प्रिंग, आणि पुढं काळी बारीक सुई. कारखान्यातून बाहेर पडताना एका म्हाताऱ्या कारागिरानं मला पाच वेळा तपासलं आणि म्हणाला, "हा खोटं बोलायचा नाही." त्या एका वाक्यावर मी उभा जन्म मिरवला. पण खरं बोलूनही माणसाचा घात होतो, हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. ते मला हिर्डोशीत कळलं.

एकोणीसशे अडुसष्ट साली रतनबाई मला खांद्याच्या पिशवीत घालून हिर्डोशीला, तिथल्या सरकारी उपकेंद्रात, घेऊन आली. वरंध्याच्या वाटेवरचं हे डोंगरातलं गाव. भात, नाचणी, दिवसाकाठी एखाददुसरी एसटी, बाकी सगळं पायी. रतनबाई भोंगवलीची, साहेबरावांची मुलगी. घर बौद्ध. साहेबरावांनी तिला मुंबईला धाडून नर्सिंगमध्ये बी.एस्सी. केलं होतं. दोन वर्षं तिनं मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात काढली होती. मग एवढी शिकलेली बाई इथं कशाला आली? तर तिला एम.एस्सी. करायचं होतं.

तिच्याजवळ दिल्लीच्या एका कॉलेजचं माहितीपत्रक होतं. ते तिनं इतक्यांदा वाचलं होतं की घडीवर कागद फाटला होता. बी.एस्सी.ला दुसरा वर्ग हवा, तो होता. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवी, ती होती. तीन वर्षांचा अनुभव हवा, त्यातलं एक वर्ष खेड्यातलं. आणि शेवटची अट अशी की खेड्यातल्या कामावर स्वतःच्या नोंदींवरून एक निबंध लिहायचा आणि त्या नोंदी खऱ्या असल्याची सही वरिष्ठ डॉक्टरांनी करायची.

गावची सुईण धोंडाबाई हे ऐकून पोट धरून हसली होती. "बाळंतपन कराया सोळा-सतरा यत्ता? आगं, मी एक बी न्हाई शिकले, आन निम्मं गाव माज्या हातावर आलंय!"

"म्हणून तर तुमच्याकडं आले, मावशी," रतनबाई म्हणाली. धोंडाबाईला ते फार आवडलं. पुढं दोघींची जोडीच जमली.

निबंधाचा विषय होता हिर्डोशी आणि आसपासच्या वाड्यांतल्या नवजात बाळांचं वजन. वर्षभर आम्ही हिंडलो. बाळ जन्मलं की धोंडाबाईचा निरोप येई, रतनबाई मला पिशवीत टाके आणि चिखल असो की ऊन, चालू लागे. वहीत बाळाच्या आईचं नाव, दिवस, वजन. अक्षर असं की वाचणाऱ्यानं मान डोलवावी.

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगताना मला अजून लाज वाटते. बऱ्याच घरांत रतनबाईला पडवीच्या आत घेत नसत. तोंडानं कुणी काही म्हणत नसे. "या, बसा," म्हणत, पण पाट पडवीतच मांडलेला असे. मला पडवीच्या वाशाला टांगलं जाई आणि आतून आजी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणून स्वतःच झोळीत ठेवी. रतनबाई तसलंच दुसरं दुपटं मागून घेई, ते जोखी आणि वजा करी. "बाळ उघडं करून द्या" असं तिनं दोन-तीनदा म्हणून पाहिलं. "वारं लागंल," असं उत्तर आलं. तिनं नाद सोडला. अपमान गिळायची सवय लागली की माणूस भलत्या ठिकाणीही गप्प बसतं.

आणि मला? मला कळत होतं. बाळाचं वजन जिवंत असतं, हलतं, माझी सुई थरथरते. पण त्या दुपट्यात आणखी काहीतरी असे, मुकं आणि गार. ते माझ्या स्प्रिंगला दर वेळी जाणवे. पण माझं काम वजन सांगायचं. कशाचं वजन, ते सांगायला मला तोंड कुठं होतं?

वर्ष संपलं. वहीत त्रेचाळीस बाळं झाली. आकडे चांगले होते. डोंगरातली बाळं पुण्याच्या बाळांच्या बरोबरीची निघाली, म्हणून रतनबाई हरखून गेली होती. फॉर्म शनिवारी दुपारपर्यंत भोरच्या पोस्टात पडायला हवा होता. बुधवारी ती मला आणि वही घेऊन सहीसाठी भोरला डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी वही चाळली. मग टेबलावरून एक कागद उचलला.

"सिस्टर, तुमच्या हिर्डोशीच्या सगुणाबाईंचा नातू. परवा तुम्हीच इथं पाठवलात ना? दूध ओढत नाही म्हणून?"

"हो सर. कसा आहे?"

"आहे अजून. तुमच्या वहीत पहिल्या दिवशी त्याचं वजन दोन किलो चारशे. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे दोन किलो शंभर. थोडं घटतं, ते मलाही ठाऊक आहे. पण इतकं?" त्यांनी आणखी तीन कागद पुढं सरकवले. "आणि ही तीन बाळं. महिन्याची झाली, अंगावर पितात, तरी तुमच्या जन्माच्या वजनापेक्षा कमी भरतात. तुमचा काटा बिघडलाय."

त्यांनी शेजारच्या रेशन दुकानातून एक किलोचं आणि दोन किलोचं वजन मागवलं. मला खिडकीच्या गजाला टांगलं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं की आपण आज चुकावं. सुई थोडी तरी इकडंतिकडं जावी. पण नाही! एक किलोला एक आणि दोनला दोन. मी मुळी बिघडलोच नव्हतो.

डॉक्टरांनी वजनं परत पाठवली. मग वही मिटून म्हणाले, "काटा खरा आहे. मग खोटं काय, ते तुम्ही सांगा. घरी बसून आकडे लिहिणाऱ्या नर्स मी पाहिल्यात. तुम्ही त्यातल्या असाल असं वाटलं नव्हतं. या वहीवर माझी सही होणार नाही."

म्हणजे मी खरा ठरलो, म्हणूनच रतनबाई खोटी ठरली. परतीच्या एसटीत तिनं मला मांडीवर घट्ट धरलं होतं. ती रडली नाही, पण मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

गुरुवारी सकाळी धोंडाबाई आली, तेव्हा रतनबाई मला दारात टांगून दुकानातून आणलेली वजनं पुन्हा पुन्हा जोखून बघत होती.

"मावशी, काटा खरा. वही मी माझ्या हातानं लिहिली, ती खरी. मग पोरं भोरला जाईपर्यंत हलकी कशी होतात?"

धोंडाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मावशी, परवा सही नाही झाली तर माझी दिल्ली संपली. वर खोटारडी म्हणून नाव होईल ते वेगळंच."

"बाई," धोंडाबाई अखेर म्हणाली, "तू बाळ जोकलंस, त्ये खरं. पर त्याच्या संगतीचं लोखंड बी जोकलंस."

"कसलं लोखंड?"

"आगं, पाचवी हुईस्तवर आन पुढं सव्वा म्हैना बाळाच्या उशाखाली लोखंड ठिवत्यात. विळा, अडकित्ता, जे आसंल त्ये. बाळाला उंबऱ्याभाईर काढायचं म्हंजी लोखंड बी संगं. दुपट्यात, पाठीच्या अंगाला."

रतनबाईनं मला दारावरून उतरवलं. उशाखालचं लोखंड तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ते दुपट्यातून बाहेर येत असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला खोलीत घेतलं असतं तर लोखंड उशाखालीच राहिलं असतं आणि बाळ एकटं झोळीत आलं असतं. पडवीतला तो पाट वर्षभर माझ्या तबकडीवर भरत होता!

"मला सांगितलं का नाही?"

"तू काडाया लावलं आसतंस. आन येखाद्या लेकराचं बरंवाईट झालं आसतं तर समद्यांनी मलाच धरलं आसतं."

यावर भांडायला वेळ नव्हता. बाळं आता पुन्हा जन्मणार नव्हती, पण लोखंड घराघरांत जागच्या जागी होतं. रतनबाईनं वहीत पट्टीनं एक नवा रकाना आखला, वर लिहिलं 'लोखंड', आणि मला उचललं.

पहिलं घर सगुणाबाईंचं. नातू अजून भोरच्या दवाखान्यात सुनेजवळ होता. सगुणाबाई तोवर बाळापाशी एक खिळा ठेवून गुरांसाठी घरी परत आल्या होत्या. रतनबाईनं कारण सांगताच त्या उसळल्या.

"आमच्या लोखंडाला नावं ठिवाया आलीस? लेकरू तिकडं मरणाच्या दारात, आन तू हितं जाब इचारतीस?"

"नावं नाही ठेवत, काकू. जोखायला आलेय."

धोंडाबाईनं हळूच त्यांचा हात दाबला तेव्हा सगुणाबाईंनी कमरेच्या ओच्यातून एक जड, काळा अडकित्ता काढला आणि पाटावर टाकला. रतनबाईच्या हातात दिला नाही. रतनबाईनं तो उचलून माझ्या झोळीत ठेवला. दोनशे दहा ग्रॅम.

रतनबाई वहीत लिहू लागली आणि तिचा हात थांबला. "काकू," ती म्हणाली, "हे मला दिसलं असतं, तर बाळ दोन किलो चारशे नाही, दोन किलो दोनशेच्याही आतलं होतं हे कळलं असतं. मी त्याला पहिल्याच दिवशी भोरला पाठवलं असतं. तीन दिवस थांबले नसते."

सगुणाबाई उभ्या होत्या त्या खाली बसल्या. अडकित्त्याकडं बघत राहिल्या. "म्हंजी आमीच..." एवढंच म्हणाल्या. मग डोळे पुसून उठल्या, पायात वहाणा घातल्या. "चला. बाकीच्या घरची म्या बोलते."

त्यानंतरचे दोन दिवस मी कधी विसरणार नाही. सगुणाबाई पुढं, धोंडाबाई मागं, मध्ये रतनबाई आणि मी. मोडक्या विळ्याचं पातं, नांगराचा खिळा, दाराची कडी, अडकित्ते तर किती! दोन घरांनी दार लावून घेतलं. सगुणाबाईंनी ते उघडेपर्यंत बडवलं. एका वाडीवरची माणसं भाताच्या रोपांसाठी राब भाजायला गेली होती, त्यांच्या शेतात जाऊन मला करंजाच्या फांदीला टांगलं. शुक्रवारी दिवस कलला तेव्हा त्रेचाळीसपैकी एकोणचाळीस रकाने भरले होते. चार घरांत लोखंड ठेवलंच नव्हतं. त्यातलं एक घर भोंगवलीहून इथं आलेलं बौद्ध घर होतं, तिथं रतनबाई स्वयंपाकघरापर्यंत जाई. अडीच किलोच्या खालची बाळं वहीत नऊ होती. लोखंड वजा केल्यावर ती चोवीस झाली. पुण्याच्या बाळांची बरोबरी राहिली नाही. रतनबाईनं निबंधाची शेवटची पानं फाडून नव्यानं लिहिली.

शनिवारी सगुणाबाईही आमच्याबरोबर निघाल्या, पण सकाळची एसटी अर्धा तास उशिरा आली. दवाखान्यात पोचेपर्यंत साडेअकरा होऊन गेले. डॉक्टरांनी नवा रकाना पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या.

"बुधवारी अडचण आली आणि आज हे उत्तर सापडलं. मी कशावरून मानू?"

रतनबाईनं वही पुन्हा त्यांच्यापुढं सरकवली. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला माझ्या पोटात ऐकू येत होती. तेवढ्यात सगुणाबाई आत गेल्या आणि नातवाला घेऊन आल्या. बाळ आता दूध ओढू लागलं होतं. मूठ तोंडात घालून चोखत होतं.

"डाक्टरसाहेब, म्या सांगते." त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर दुपटं सोडलं. घडीतून तोच अडकित्ता निघाला; आत जाताच त्यांनी तो पुन्हा बाळाजवळ ठेवला होता. दवाखान्यात बाळाला जोखताना नर्स दुपटं काढून ठेवी, म्हणून आधीही तो कुणाला दिसला नव्हता. सव्वा महिना व्हायचा होता अजून. सगुणाबाईंचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असाव्यात. त्यांनी अडकित्ता टेबलाच्या पलीकडच्या टोकाला सारला, उघडं बाळ दोन्ही हातांवर उचललं आणि झोळीत न ठेवता रतनबाईपुढं धरलं.

"तुमीच घाला," त्या म्हणाल्या.

त्या घरचं बाळ रतनबाईच्या हातात पहिल्यांदा आलं. तिनं ते माझ्या झोळीत ठेवलं. दोन किलो एकशे चाळीस. मग अडकित्ता ठेवला. दोन किलो तीनशे पन्नास. डॉक्टरांनी चष्मा काढला, वाकून माझी सुई पाहिली, पुन्हा लावून पाहिली. नंतर त्यांनी सही केली, आणि सहीच्या खाली आपण होऊन एक ओळ लिहिली: 'स्वतःच्या नोंदींतली चूक शोधणारी नर्स मी आजवर पाहिली नव्हती.' पोस्ट बंद व्हायला दहा मिनिटं होती. रतनबाई पदर खोचून पळाली.

महिन्याभरानं दिल्लीचं पत्र आलं. निवड झाली होती. जायच्या दिवशी रतनबाई मला उपकेंद्रात टांगून निरोप घेत होती. मी सरकारी माल, मला नेता येत नव्हतं. तेवढ्यात सगुणाबाई आल्या. नातू कडेवर, चांगला बाळसं धरलेला. त्यांनी तो काळा अडकित्ता रतनबाईच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं त्यावर मिटली.

"दिल्ली लांब हाय, बाई. लोखंड आसूं द्या संगं."

"काकू, आम्ही हे मानत नाही. माझ्या वडिलांनी पाहिलं तर मला हसतील."

"तुमी नका मानू. म्या मानते न्हवं."

रतनबाई हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं अडकित्ता माझ्या झोळीत ठेवला. शेवटचंच जोखणं. दोनशे दहा. मग तो पत्र्याच्या पेटीत, पुस्तकांच्या शेजारी ठेवला.

मित्रांनो, पुढं माझ्यावर कितीक बाळं जोखली गेली, पण आता नवे काटे आले आहेत आणि मी कपाटामागच्या खिळ्याला लटकतो. कधी कुणी मला खाली काढलंच तर माझी झोळी धुवा, हुकाला थेंबभर तेल घाला. आणि कुणाचंही वजन करायचं असेल तर आधी त्याला घरात घ्या, पडवीत ठेवू नका. स्प्रिंग म्हातारी झाल्यापासून माझी सुई शून्यावर येत नाही. परवा एक नवी नर्स मला बघून म्हणाली, "हा बिघडलाय, रिकामा असून दोनशे दहा दाखवतो." मी तिला काय सांगणार?