सोंडेची वाट

मास्तरांनी डोंगर चढायचं ठरवलं तेव्हा त्यांना अडवणारं घरात कुणी उरलं नव्हतं. बायको असती तर "आधी माळ्यावरचा पसारा उतरवा, मग डोंगर चढा" म्हणून तिनं तिथल्या तिथे विषय मिटवला असता. ती जाऊन काही वर्षं झाली होती. उरली होती मुलगी, आणि मुलीचं ऐकायची मास्तरांना सवय नव्हती.

उभा जन्म त्यांनी शाळेत कवायत शिकवली. निवृत्तीनंतर शिट्टी सुटली, आवाज मात्र तसाच राहिला. सत्तरी आली तरी पाठ ताठ, पोट आत, आणि समोरच्या माणसाचं पोट बाहेर असेल तर त्यावर दोन शब्द. मुलगी खालच्या मजल्यावर राहायची. तिचं लग्न टिकलं नव्हतं, केस कापायचं दुकान मात्र टिकलं होतं. चाळिशी ओलांडली, केसांत पांढरं दिसायला लागलं, हाताखाली दोन मुली कामाला आल्या, तरी घरात ती अजून 'बेबी'च होती. तिच्याहून मोठा दादा. तो विमानानंच पोचता येईल इतक्या लांब, मोठ्या हुद्द्यावर. वर्षातून एकदा यायचा. तो येणार म्हटलं की मास्तर आठवडाभर आधीपासून पडदे धुऊन घ्यायचे. धुवायची अर्थातच बेबी.

"दादा येतोय डोंगराला," मास्तरांनी एका सकाळी जाहीर केलं. "बापलेक दोघं चढणार. तू नुसती ऑफिसात बरोबर चल. तिथले लोक भराभर बोलतात, मला नीट ऐकू येत नाही."

मोहिमा नेणाऱ्यांचं ऑफिस एका औषधांच्या दुकानाच्या वर होतं. आत भिंतभर त्या डोंगराचा फोटो, आणि फोटोवर दोन रंगांत आखलेल्या दोन वाटा. तिथल्या बाईंनी खुर्च्या दिल्या आणि पेन्सिलीच्या टोकानं दाखवायला सुरुवात केली.

"ही तांबडी, सोंडेची वाट. डोंगराच्या या सोंडेवरून सरळ वर चढते, मुक्कामाला पक्क्या झोपड्या, आठवड्याच्या आत माणूस खाली. ही निळी, पठाराची वाट. वळसा घालून जाते, तंबूत राहायचं, जवळजवळ दुप्पट दिवस. पण ही उंच नेते आणि झोपायला पुन्हा खाली आणते. शरीराला विरळ हवेची सवय होते. वयस्कर मंडळींना आम्ही हीच सुचवतो."

'वयस्कर' ऐकून मास्तरांनी खुर्चीत पाठ आणखी ताठ केली.

बेबीनं दादाला फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. दादा कुठल्यातरी बैठकीतून बाहेर आला होता. "मला एकच आठवडा मिळतोय," तो म्हणाला. "सोंडेची घ्या. आणि बाबा काय, माझ्यापेक्षा फिट आहेत."

मास्तर बाईंकडे बघून हसले. बघा म्हणावं.

"दादा, अरे, जिना चढताना त्यांना धाप लागते," बेबी म्हणाली. "वळणावर चपलेचा बंद बांधायला म्हणून थांबतात. चपलेला बंद नाहीये."

"बेबी, तुला प्रत्येक गोष्टीत काळजीच सुचते. लहानपणी पोहायला गेलो तरी तू काठावर टॉवेल धरून उभी असायचीस."

ती उभी असायची ते मास्तरांनी तिला पाण्यात उतरू दिलं नव्हतं म्हणून. पण हे फोनवर, परक्या बाईंसमोर, कुठे उगाळत बसायचं? मास्तरांनी तांबड्या रेघेवर बोट ठेवलं. "ही."

जायच्या तोंडावर दादाचा फोन आला. कंपनीत काहीतरी अडलं होतं, तो नसला तर सगळं कोसळणार होतं, वगैरे. मास्तर फोनवर "काम महत्त्वाचं, काम आधी" असं दोनतीनदा म्हणाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. मग खाली येऊन दुकानाच्या दारातूनच म्हणाले, "तू चल. एकट्याला सोडत नाहीत म्हणे."

बेबीच्या हातात एका गिऱ्हाइकाचे ओले केस होते. "येते," ती म्हणाली. "पण आता दादाच्या सुट्टीचा प्रश्न नाही ना? मग पठाराची वाट घेऊ. मी बोलते त्यांच्याशी."

"दादानं निवडलेली वाट आहे ती. तो येत नाही म्हणून वाट वाईट झाली का?"

गिऱ्हाईक आरशातून दोघांकडे आळीपाळीनं बघत होतं. बेबीनं पुन्हा कात्री उचलली.

खरं सांगायचं तर तिला जावंसं वाटत होतं. आईच्या मागे ती आणि बाबा एकाच घरात असून कधी निवांत बोलले नव्हते. डोंगरावर दुसरं करायचं काय, चालायचं आणि बोलायचं. निदान तिकडे तरी कुणाची वाट बघणं नसेल, असं तिला वाटलं होतं. दुकान मुलींवर सोपवून ती निघाली.

पहिले दोन दिवस मास्तर खुशीत होते. जंगलातून वाट होती, तेच पुढे, तेच पावलांचा ताल धरायचे. वाटाड्या बुटका, कमी बोलणारा माणूस होता. "हळू, बाबा, हळू," एवढंच तो म्हणायचा, आणि मास्तर त्याला म्हणायचे, "हळू चालायला आम्ही काय वरातीत आलोय?" बेबीही हसली त्यावर. संध्याकाळी झोपडीत मास्तरांनी आईची एक गोष्ट सांगितली, लग्नानंतर ती सायकल शिकताना डबक्यात पडली होती ती. बेबीनं ही गोष्ट कधीच ऐकली नव्हती. तेवढी एक संध्याकाळ तिला पुरेल असं वाटलं.

झाडं संपली, दगड सुरू झाले, तसं मास्तरांचं बोलणं कमी झालं. वरच्या झोपडीत पोचल्यावर ते जेवले नाहीत. सूप खारट आहे म्हणाले. त्यात मीठ नव्हतंच. डोकं धरून पडून राहिले. बेबीनं विचारलं तर "उन्हानं" म्हणाले.

सकाळ लख्ख उजाडली. माथा इतका स्वच्छ दिसत होता की हात लांबवला तर लागेल. निघायची तयारी झाली. मास्तर दाराबाहेर आले, दोन पावलं चालले आणि भिंतीला धरून उभे राहिले. मग वर बघून म्हणाले, "दादा पुढे गेला का? त्याला थांब म्हणावं. मी आलोच."

बेबीला आधी वाटलं, चेष्टा करतायत. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते. जीभ जड झाली होती, नजर वरच्या दगडांत कुणाला तरी शोधत होती, आणि चेहऱ्यावर असं हसू होतं जे तिनं फक्त विमानतळावर पाहिलं होतं.

वाटाड्या जवळ आला. "बाबा, बरं वाटतंय?"

"एकदम झकास," मास्तर म्हणाले.

वाटाड्यानं बेबीला बाजूला घेतलं. "ते म्हणतात बरं आहे. मला भरवसा वाटत नाही. तुम्ही रोज बघता त्यांना. हे त्यांचं नेहमीचं बोलणं आहे का?"

मास्तर तिच्याकडेच बघत होते. तेवढं त्यांना कळत होतं. "बेबी, सांग त्याला," ते म्हणाले.

"नाही," बेबी म्हणाली. "हे नेहमीचं नाही. माझा भाऊ सोबत आलाय असं वाटतंय त्यांना. खाली न्या."

मास्तरांनी हात झटकला. काठी फेकली. वाटाड्यानं एका बाजूनं धरलं, बेबीनं दुसऱ्या. वाटेत ते दोनदा ओकले, एकदा तिच्या बुटांवर. सबंध उतार त्यांचं वजन तिच्या खांद्यावर होतं, आणि त्या खांद्याला ते सारखं विचारत होते, दादाला कुणी सांगितलं का, तो वर वाट बघत बसेल. ती म्हणत होती, "सांगितलंय, बाबा. सांगितलंय."

झाडं परत दिसायला लागली तशी त्यांच्या गालांवर रंग आला. दुपारनंतर त्यांनी ताटभर जेवण मागून घेतलं. शुद्धीबरोबर रागही परत आला. "तू घाबरलीस," ते म्हणाले, आणि घर येईपर्यंत दुसरं काही बोलले नाहीत.

गावभर मात्र बोलले. शेजाऱ्यांना, जुन्या सहकाऱ्यांना, दूधवाल्याला. "माथा समोर होता हो. पण बेबी घाबरली. बाईमाणूस बरोबर म्हटल्यावर उतरावंच लागतं." लोक बेबीला भेटले की समजूत घालायचे, "होतं असं, तेवढं उंच जायचं म्हणजे काय!" तिच्या खुर्चीत बसून, तिच्याच हातानं केस कापून घेत, समजूत घालायचे.

दादाचा फोन आला. "उगाच उतरवलंस गं त्यांना. एवढंसं डोकं दुखलं असेल."

"त्यांना भास होत होते, दादा. तू पुढे गेलायस म्हणत होते."

पलीकडे तो हसला. "माझी आठवण काढली असेल. त्याला भास म्हणतात का?"

तिनं मास्तरांनाही सांगून बघितलं, एकदाच, जेवताना. तुम्ही मला ओळखत होता, पण दादाही सोबत आहे असं तुम्हाला वाटत होतं. मास्तरांनी घास खाली ठेवला. "काहीतरीच. मी कशाला असं म्हणेन? तो तिकडे ऑफिसात आहे हे मला माहीत नव्हतं?" आणि ताटावरून उठून गेले. तिनं विषय पुन्हा काढला नाही. कुणी विचारलंच तर "हो, घाबरले मी" म्हणायला लागली. तेवढ्यानं समोरच्याचं समाधान व्हायचं.

वर्ष गेलं. एका सुट्टीच्या दिवशी मास्तर दुकानात येऊन खुर्चीत बसले. "अगदी बारीक काप," ते म्हणाले. "तिकडे डोकं धुता येत नाही."

"तिकडे म्हणजे?"

"दादा येतोय. या वेळी नक्की, सुट्टी मंजूर झालीय. पठाराच्या वाटेनं जातोय." आरशातले मास्तर खूश होते. "त्यानं सगळं वाचून काढलं. म्हणतो, या वयात सोंडेची वाट घेणं म्हणजे मूर्खपणा. शरीराला सवय व्हावी लागते. पठाराचीच बरी."

बेबीच्या हातातली कात्री थांबली. "मी काय म्हणत होते, बाबा?"

"तू?" मास्तरांनी खरंच आठवून बघितलं. "तू तर जाऊच नका म्हणत होतीस."

त्यांची मान तिच्यासमोर होती, सुरकुतलेली, केस कापल्यावर लहान मुलासारखी दिसणारी. तिनं केस झाडले, आरसा मागे धरून दाखवला. त्यांनी मान हलवली. तू येतेस का, हे त्यांनी विचारलं नाही. ती नाहीच म्हणाली असती. पण विचारलं नाही.

ते दोघं गेले. पुढचे सगळे दिवस बेबीनं फोन अंगावरच्या ॲप्रनच्या खिशात ठेवला. एरवी काम करताना ठेवायची नाही. मुलींनी विचारलं, "ताई, काळजी वाटते का हो?" ती म्हणाली, "वाटणारच. वय झालंय त्यांचं." तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं.

फोन आला तेव्हा एक बाई खुर्चीत होत्या, मान वर करून, डोळे मिटून. दादाचा आवाज वाऱ्यात तुटत होता. "पोचलो! बेबी, आम्ही माथ्यावर आहोत! बाबा अगदी ठणठणीत! हे बघ, ते काय म्हणतायत..." मागून मास्तरांचा कवायतीचा आवाज आला, आणि दादानं तो हसत हसत पोचवला. "म्हणतायत, बेबीला सांग, वाट अगदी सोपी आहे. न घाबरता आली असती तर तिलाही जमलं असतं!"

"हो का?" बेबी म्हणाली. "छान झालं. जपून उतरा."

काळजी मिटल्यावर माणूस हलका होतो, ती जड झाली होती. आणि मग तिला कळलं, इतके दिवस ती कुठल्या फोनची वाट बघत होती. त्यांना काही व्हावं असं नव्हतं हवं तिला, देवाशपथ नव्हतं. फक्त परत फिरावं लागायला हवं होतं. दादाच्या खांद्यावर ते वजन पडायला हवं होतं, त्याच्या बुटांवर ते ओकायला हवे होते. आणि वर कुणीतरी दिसतंय असं म्हणत त्यांनी एकदा, निदान एकदा, तिचं नाव घ्यायला हवं होतं.

"काय झालं?" खुर्चीतल्या बाईंनी डोळे उघडले.

"वडील डोंगर चढले. मोठा डोंगर."

"अगंबाई! या वयात? एकटे?"

"नाही. मुलगा होता बरोबर."

"मुलगा असावा तर असा," बाई म्हणाल्या. "नाहीतर आजकाल कोण करतं आईबापाचं?"

बेबीनं टॉवेल झटकला, त्यांच्या खांद्यांवर नीट पसरला आणि कंगवा घेतला.

"मान जरा खाली करा," ती म्हणाली.