ब्लॅक मार्कवरचे औषध

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे. माझ्या झाकणावर लाल फुली आहे. तुमच्यासारखी मुले ती बघून विचारतात, "या पेटीचे गणित चुकले होते का?" हसा खुशाल! मी औषधाची पेटी होते आणि ती फुली माझा मान होती. आज माझ्यात गंजके खिळे आणि सुतळीचे गुंडे ठेवतात.

दुसरे महायुद्ध सुरू व्हायच्या काही वर्षे आधी वऱ्हाडातल्या कारंज्याच्या निजामुद्दीन मिस्त्रीने मला बनवले. टिंचरची बाटली डुगडुगू नये म्हणून आतला कप्पा त्याने उसकटून पुन्हा बसवला. मग मी गावाबाहेरच्या एका जिनात गेले. जीन म्हणजे भूत नव्हे हं! कापसातून सरकी वेगळी काढायचा तो कारखाना. तिथे रेचे नावाची यंत्रे ओळीने धडधडत आणि बायका त्यांत कापूस घालीत. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या होऊन जात.

मी साहेबांच्या खोलीत भिंतीवर होते. माझी किल्ली नानाजी कारकुनांकडे असे. कोणाला काही लागले की साहेबांना त्याची वर्दी इंग्रजीतून हवी असे आणि नानाजींचे इंग्रजी बेताचेच. खरचटले की ते 'स्क्रॅच' म्हणत, मुका मार लागला की 'ब्रूज'. बायकांनी ते शब्द उचलले, पण आपल्या पद्धतीने. "नानाजी, माह्या पाठीवर बुरूज झाला, चोळाले काही द्या ना!" असे कोणी म्हणाले की मला हसू आवरत नसे. अंग काळेनिळे पडले तर त्याला नानाजींनी स्वतःच एक शब्द जुळवला होता, 'ब्लॅक मार्क'. तो शब्द बायकांच्या आवडीचा. तेल लावून चोळले की चार दिवसांत ब्लॅक मार्क निघून जाई.

पण एक होते. साहेबांना मोठी जखम चालत नसे. मोठी जखम झाली की वर कळवावे लागे, तपासणीला माणूस येई. म्हणून त्या जिनात स्क्रॅचपेक्षा मोठे कोणाला काही लागतच नसे! नख उपटून आले तरी स्क्रॅच.

एका वर्षी माझे फार हाल झाले. पट्ट्या संपल्या, टिंचर आटले, कापूस तर केव्हाच संपला. कापसाच्या गंजीशेजारी राहून मी कापसावाचून उपाशी! साहेबांनी पेटी भरलेली ठेवायला बजावले होते. नानाजी आज मागवतो, उद्या मागवतो करीत राहिले.

एका दुपारी लतीफाचे बोट रेच्यात गेले. करंगळीचे टोक नखासकट तुटले. शेजारच्या रेच्यावरची गोजराबाई तिला धरून माझ्यापाशी घेऊन आली. साहेब तेव्हा खोलीत नव्हते. नानाजींनी झाकण उघडले. आत रिकामी बाटली आणि कात्री! लतीफाचे रक्त माझ्यावर टपकत होते आणि माझ्याजवळ तिला द्यायला काही नव्हते. गोजराबाई धावत गेली, ढिगातून कापूस घेऊन आली, पदराची चिंधी फाडली आणि बोट बांधले. उरलेला मूठभर कापूस तिने ओच्यात खोचला. घरी पट्टी बदलायला लागणारच होता.

संध्याकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्याने झडती घेतली आणि तोच कापूस सापडला. तिला धरून साहेबांपुढे आणले.

"साहेब, म्या चोरी नाई केली," गोजराबाई म्हणाली. "लतीफाचं रगत थांबत नोतं. पेटीत कापूस नोता, म्हून घेतला."

लतीफा मागोमाग आत शिरली. "कसम खाऊन सांगतो साहेब, गोजरामाय खरं बोलून राह्यली. हे पाहा माहं बोट." ती चिंधी सोडू लागली.

साहेबांना रक्त बघवत नसे. त्यांनी तोंड फिरवले. "राहू दे, राहू दे! नानाजी, हिला किती लागलं होतं?"

मित्रांनो, त्या क्षणी सगळे नानाजींच्या तोंडाकडे बघत होते. मीही. मोठी जखम म्हणावे, तर पेटीत कापूस का नव्हता हा प्रश्न येणार. माझ्यावरचे रक्त तर त्यांनी आधीच पुसून टाकले होते.

"स्क्रॅच, साहेब," नानाजी म्हणाले.

"मग एवढ्याशा स्क्रॅचला ओचाभर कापूस लागतो?" साहेब उसळले. "उद्यापासून येऊ नकोस. तुझ्या नावाला ब्लॅक मार्क लागला. गावातल्या सगळ्या जिनांना कळवतो."

आणि गोजराबाईचा चेहरा उजळला हो! "ब्लॅक मार्क? एवढंच ना साहेब? थो तं चार दिवसांत जाते." मग नानाजींकडे वळली. "द्या ना नानाजी, तेल असंल तं. पण कुठं लागला मले? दुखत तं कुठंच नाई."

कोणीच हसले नाही. नानाजी खाली मान घालून म्हणाले, "हा तो नव्हे, गोजराबाई. याला औषध नाही. याचा अर्थ चोर."

ती भिंतीला टेकली. मग एकदम पुढे येऊन तिने नानाजींचे पाय धरले. "तुमी पाह्यलं ना नानाजी? तुमच्या डोयासमोर बांधलं ना म्या? एक डाव सांगा साहेबाले, केवढं लागलं थे! मले काम नोको, पण चोर नोका म्हनू. माह्या लेकीले लोक काय म्हनतीन?"

मला ओरडावेसे वाटत होते. मी पाहिले होते! ते तुटलेले बोट माझ्यासमोरच बांधले होते. पण लाकडाला कुठली वाचा? नानाजींनी पाय सोडवून घेतले, माझ्याजवळ आले आणि मला किल्ली लावली.

गोजराबाईला कारंज्यातल्या कोणत्याच जिनाने दारात उभे केले नाही. गल्लीतली पोरे तिच्या लेकीला 'कापूसचोराची' म्हणून चिडवू लागली. एका सकाळी लतीफा भाकरी घेऊन तिच्या घरी गेली, तर दाराला कडी होती. मायलेकी शेलूबाजार गावाच्या वाटेने गेल्या, एवढेच शेजारी सांगू शकले. लतीफा परत येऊन नानाजींपुढे उभी राहिली आणि तिने आपले थोटे बोट त्यांच्या डोळ्यांसमोर धरले.

मित्रांनो, मला पुन्हा रंग द्या असे मी म्हणत नाही. तुमच्या शाळेत माझ्यासारखी पेटी असेल तर ती भरलेली ठेवा. आणि कोणाला लागले, तर किती लागले ते खरे सांगा. तुम्ही एक शब्द लहान करून सांगाल आणि दुसऱ्या कोणाचा तरी जन्म त्याखाली जाईल.

गोजराबाईची लेक आता म्हातारी झाली असेल. ती कुठे भेटली, तर तिला सांगा की तिच्या आईने चोरी केली नव्हती.