सुखदेव ड्रायव्हरचं तिकीट

किन्हीराजा गावच्या बुद्धविहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने ग्रंथ वाचावा तो पल्लवीनंच, हे आता न बोलता ठरलेलं होतं. पांढरी साडी, समोर मेणबत्ती, आणि ओळ तर सोडाच, काना-मात्रासुद्धा गाळायची नाही. शेजारच्या विमलबाई सगळ्यांना सांगत, पल्लवीच्या तोंडून निघालं म्हणजे ते कागदावर आहेच समजा. हे ऐकलं की पल्लवी घाईनं विषय बदलायची. कारण घरी, सासूसमोर, ती सहा वर्षांपासून खोटं वाचत होती.

घरी वाचायचं पुस्तक म्हणजे ‘बेनंबरी गाडी’, भागाभागानं निघणारी कादंबरी. अकोल्याच्या स्टँडवरून सुटणारी, वेळापत्रकात नसलेली एक एसटी. तिच्यात शहराचे न दिसणारे लोक बसतात. कोणी पुलाखालचे, कोणी बंद गिरणीच्या भोंग्यात राहणारे, कोणी पडलेल्या टॉकीजच्या पडद्यामागचे. कंडक्टर चंद्रभागा, ड्रायव्हर सुखदेव. पहिला भाग पल्लवीनं नवी नवरी असताना आणला, त्याला एकोणीस वर्षं झाली. सासू लिलाबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण कान असे, की सातव्या भागातली चूक तिसऱ्या भागावरून काढत. विहारात वाचतेस तसंच घरी वाच, एवढीच त्यांची अट. प्रकरण संपलं की विहारात म्हणतात तसं हात जोडून तीनदा साधू म्हणायच्या. भुताखेताच्या गोष्टीला साधू म्हणत नाहीत, असं पल्लवीनं एकदा सांगून पाहिलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, मेहनत तर त्या लिवनाऱ्यानंबी केलीच असंन.

सासरे जानराव दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत आणि ऐकत नसल्याचं सोंग घेत. त्यांचा जीव होता फक्त सुखदेवमध्ये. गाडी सुरू करण्याआधी सुखदेव स्टिअरिंगवर दोनदा थाप मारायचा. जानराव सायकल काढताना सीटवर तशाच दोन थापा मारू लागले, आणि कोणी पाहिलं तर धूळ झटकल्यासारखं करायचे.

नववा भाग आला तो जानरावांना जाऊन वीस दिवस झाले होते तेव्हा. पल्लवी आधी एकटीनं वाचून घ्यायची. शिलाई मशीनवर बसून वाचता वाचता शेवटच्या प्रकरणात तिचा पाय थांबला. सुखदेव मेला होता. समोर लिलाबाई कितीतरी दिवसांनी अर्धी भाकर खाऊन, गोष्ट ऐकायची म्हणून भिंतीला टेकून बसलेल्या. पल्लवीनं ती पानं उलटून टाकली, वाचल्यासारखं करत सुखदेवला दवाखान्यात नेलं आणि तिथल्या तिथं ठणठणीत बरा केला.

एकदा बरा केलेला माणूस मग पोसावा लागतो. पुढच्या चार भागांत नवा ड्रायव्हर आला होता. त्याचं बोलणं तिनं सुखदेवच्या तोंडी घातलं. जिथं जमेना तिथं समासात पेन्सिलीनं स्वतःचं लिहिलं. लेखकाला कानोकान खबर नाही आणि त्याचा सुखदेव किन्हीराजात खातोपितो, थट्टा करतो.

यंदा पोळ्यानंतर चौदावा भाग आला. नवरा नरेंद्र वाशीमहून घेऊन आला. पल्लवीनं तो चुलीवर वरण ठेवून उघडला आणि वरण करपलं तरी तिला वास आला नाही. एकविसाव्या प्रकरणात चंद्रभागा रिकाम्या गाडीत मागं वळून बघते, तर शेवटच्या सीटवर सुखदेव बसलेला. त्या गाडीचा नियम असा, की मेलेल्याच्या तिकिटाला पंच मारल्याशिवाय त्याला उतरता येत नाही. आणि सुखदेवच्या तिकिटाला चंद्रभागेनं पंच मारलाच नव्हता.

पल्लवीनं धावत जाऊन पेटीतून नववा भाग काढला. शेवटून दुसरं पान. ‘तिकीट तिनं तसंच पाकिटात ठेवलं.’ एवढीच ओळ. तिनं ती रडत रडत वाचली होती आणि विसरून गेली होती. सहा वर्षं ती ओळ पेटीत, लुगड्यांच्या खाली, गप वाट पाहत पडली होती. पल्लवीच्या हातावर काटा उभा राहिला. एका माणसानं टेबलाशी बसून एवढं दूरचं कसं पाहिलं असेल? तिला पुस्तक खाली ठेवायचीसुद्धा भीती वाटली.

आठ दिवसांनी दुपारच्या वाचनात एकविसावं प्रकरण आलं. पल्लवीनं ओळीवर बोट ठेवलं. तिनं वाचलं, शेवटच्या सीटवर सुखदेव बसला होता.

“मागं काहून बसला?” लिलाबाई म्हणाल्या. “मंग गाडी कोन चालवून राह्यलं?”

एवढं मोठं नवल, आणि म्हातारीला त्यात बसायच्या जागेचा घोळ तेवढा दिसला. दोष तिचा नव्हताच. जो गेलाच नाही, तो परत येणार कुठून? सुखदेवला वाचवता वाचवता पल्लवीनं त्याचं येणंच सासूपासून चोरलं होतं. अजूनही काहीतरी जोडून वेळ मारून नेता आली असती. पेन्सिल तिथंच होती.

“सुखदेव मेला होता, आत्याबाई,” ती म्हणाली. “नवव्यातच. मामाजी गेले तवा. मी तुमाले वाचून नाई दाखवलं.”

लिलाबाई दाराकडे बघत राहिल्या.

“सहा वर्स,” त्या म्हणाल्या. “सहा वर्स झाले त्याले मरून, आन मी त्याच्या गोठीवर हासून राह्यली.” त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला, मयताच्या घरी बसताना ओढतात तसा. “नववं काढ. मेला थे वाच.”

पल्लवीनं वाचलं. एक ओळ गाळली नाही. सुखदेव गेला तिथं लिलाबाईंचा हात जमिनीवर हळूच आपटला, दोनदा. तिकिटाची ओळ आली तेव्हा त्यांनी नुसती मान वर केली.

मग चौदावा. शेवटच्या सीटवर सुखदेव बसला होता.

लिलाबाईंनी श्वास आत घेतला तो घेतलाच. ज्या उंबऱ्याशी शेंगांची टरफलं पडायची तिथं त्यांची नजर होती. बोट वर करून त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा. तिसऱ्यांदा वाचताना पल्लवीच्या हातावर परत काटा आला. साधू म्हणायचं दोघींनाही सुचलं नाही.

ऊन अंगणातून सरकून भिंतीवर चढलं, तेव्हा पल्लवीनं मधले चार भाग पुढ्यात घेतले आणि खोडरबर शोधू लागली.

“थे काय करतं?”

खोटं खोडते, ती म्हणाली.

“राहू दे,” लिलाबाईंनी पुस्तकावर हात ठेवला. “गाडीत होताच ना थो. मागं बसून गप थोडी राह्यला असंन.”