पडद्यामागचा केरबा

बानाबाई खोटं बोलतीय असं मला वाटलं, आणि वाटलं ते मी तिच्या तोंडावर बोलले. मी पुतळाबाई, कुणाला भिऊन ऱ्हाणारी नाय. सून असली म्हणून काय झालं?

झालं असं. फुलंब्रीजवळच्या आमच्या वाडीत औरंगाबादहून सरकारी सिनेमाची गाडी आली. दोन लिंबांच्या मधी पांढरं कापड बांधलं. बाप्ये पुढं बसले, बायका कापडाच्या मागं. माझे गुडघे धरलेले, म्हणून पाटील नानासाहेबांनी मला पुढंच बाजेवर बसवलं. सिनेमा मेंढरांचा होता. लोकर कशी काढावी, असं कायतरी हिंदीत सांगत होते. मेंढरं मी घरी बघतेच की. जांभया देत बसले होते, तेवढ्यात कापडावर माझा केरबा आला.

माझा लेक. रझाकारांच्या धामधुमीत मेंढरं घेऊन हद्दीपल्याड गेला तो गेलाच. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, बरोबरचे धनगर परत आले, ह्याचा पत्ता नाय. पाच वर्षं झाली. गावानं त्याला मेला धरला होता. आणि तोच केरबा इथं भिंतीएवढा होऊन मेंढी कातरत होता. डाव्या गालावर लहानपणी चुलीपाशी भाजलेला डाग. मी तिथंच रडायला लागले.

घरी आले तर सून म्हणती, "ते न्हाईत ते, आत्या."

"आंधळी झालीस का? गालावरचा डाग दिसला नाय?"

"दिसला. पण उजव्या गालावर. आन कातर डाव्या हातात. मालकांनी डाव्या हातानं कधी काय केलंय का?" मग हळूच म्हणाली, "बायका म्हणत होत्या, मेलेलं माणूस असंच उलटं दिसतं. मला तर धडकी भरली."

धडकी म्हणे. माझ्या मनात पाल चुकचुकली. आठ दिवसांवर तिचा पाट लागायचा होता, पैठणकडच्या कडूबाशी. नवरा जिता निघाला तर दुसरं लगीन कसं करणार? म्हणून बाई नवराच ओळखीना. मी तसं बोलले. तीबी काय कमी नाय. म्हणाली, "मी गेले तर मेंढरांमागं कोण जाईल, म्हणून तुम्ही मेलेल्या माणसाला जिता करताय." त्या रात्री एका चुलीवरचं दोघींनी तोंडं फिरवून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी गाडी शेजारच्या गावात होती. बोभाटा झालेला, त्यामुळं नानासाहेब आणि पंचबी निघाले. मी बैलगाडीत बसले. आज मुद्दाम कापडामागं, सुनेच्या बगलेला बसायचं ठरवलं होतं. केरबा आला की तिचं तोंड काय सांगतं ते मला बघायचं होतं.

केरबा आला आणि तिचं तोंड पांढरं पडलं. मी कापडाकडं बघितलं, तर माझ्याच अंगावर काटा आला. केरबाच, पण डाग उजवीकडं. कातर डाव्या हातात. पागोट्याचा शेमला भलत्याच खांद्यावर. कुण्या परक्यानं माझ्या लेकाचं तोंड लावून यावं तसं. मी लंगडत पुढं गेले. पुढं केरबा नीट होता. परत मागं आले, तर उलटा.

गाडीवाला हसायला लागला. "अम्मा, कपडे के पीछे से सब उल्टाइच दिखता."

म्हणजे ती खरं बोलत होती आणि मीबी खरं बोलत होते. मी तिला हाताला धरून पुढं आणलं आणि फिलिम परत लावायला लावली. नानासाहेबांनी विचारलं, ही कधीची? गाडीवाला म्हणाला, औंदाचीच, पुण्याकडं काढलेली. मी देवाला हात जोडले. लेक जिता होता, आता पाट कसला नि काय.

बानाबाई बघत राहिली. केरबानं कातर खाली ठेवली. एक बाई भाकरी घेऊन आली. बारकं पोर त्याच्या मांडीवर चढलं आणि तो हसला. हे मी कालबी बघितलं होतं. पुरुषाची जात, केली असंल दुसरी, घरी आला म्हंजी झालं, असं म्हणून सोडून दिलं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "तेच हायेत. मला वाटायचं, जिते असते तर रांगत आले असते."

नानासाहेब म्हणाले, "मग पाट लागायचा नाय, पोरी. आधी काडीमोड व्हायला पायजे. पंचांपुढं काडी मोडून नवऱ्यानं बाईला मोकळी करायची, अशी रीत हाय. नवरा समोर लागतो."

"समोर हाय की," बानाबाई म्हणाली.

मग पंच आपसांत कुजबुजले. एक जण म्हणाला, काडी धरायला त्याच्या बाजूचं माणूस तरी लागंल. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली.

मला लई राग आला. सुनेचा म्हणावा, तर पाच वर्षं तिच्याच हातची भाकरी खाल्ली. ती गेल्यावर माझं कोण करणार, हेबी मनात आलं. कापडावर तो पोराला खांद्यावर घेऊन फिरत होता. धष्टपुष्ट झाला होता. आपली आई कुठं असंल, काय खात असंल, ह्याची काळजी त्या तोंडावर कुठं दिसती का, ते मी बघत होते. दिसंना. बायकोला टाकलं ते टाकलं, मलाबी टाकलं होतं त्यानं.

सुनेनं भुईवरची एक काडी उचलून माझ्यापुढं धरली. मी दुसरं टोक धरलं आणि मीच मोडली.

"गाडीवाल्या, बंद कर ते," मी म्हणले. "बघून झालं माझं."